वेळ आली होती म्हणे

आमच्याकडे तरणाताठा माणूस रस्त्यावरच्या अपघातात गेला की भेटायला येणारी मंडळी एकच बोलतात, 'त्याची वेळ आली होती.' त्या घरात असं म्हणायला माझी हरकत नाही. रडणाऱ्या आईपुढे हेल्मेटचा विषय काढणारा माणूस मला तरी दारात नको. पण तेच वाक्य पंचायतीत आणि खात्याच्या कचेरीत ऐकू आलं की डोकं फिरतं. एवढ्याशा गोव्यात दरवर्षी अडीचशेच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात, त्यांत दुचाकीवाले जास्त. इतक्यांची वेळ त्याच त्या वळणांवर कशी भरते?

रेबीजचं उदाहरण घ्या. लक्षणं दिसू लागली की माणूस हातचा गेलाच समजा. पण कुत्रा चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि इंजेक्शनं वेळेत सुरू केली, तर माणूस वाचतो. पूर्वी आपल्याकडेही पिसाळलेला कुत्रा चावला की लोक कपाळाला हात लावून बसायचे. मग सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेची माणसं कामाला लागली. भल्या सकाळी जाळी घेऊन पोरं वाड्यावाड्यांवर फिरायची. कुत्रा पकडायचा, लस टोचायची, अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा, मोबाईलवर नोंद करायची आणि सोडून द्यायचा. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. शाळांतून मुलांना शिकवलं ते वेगळंच. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत राज्यात माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती. कुत्रे तेच, वाडे तेच, आणि लोकांची नशिबं काही वेगळी लिहून आली नव्हती.

आता रस्त्याकडे या. वळणाच्या अलीकडे पिवळा फलक असतो, 'अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश हाका'. जरा विचार करा, हा फलक लागला कसा? कोणीतरी आधीचे अपघात मोजले, जागा हेरली, फाईल हलवली, पैसे मंजूर केले, खांब पुरला. म्हणजे इथं पुन्हा माणूस मरणार हे सरकारदरबारी ठाऊक आहे, लेखी आहे. आणि उपाय काय, तर पाटी! पावसाळ्यात तिच्यावर वेली चढतात, मग तीही दिसत नाही. वळणाचा उतार सुधारणं, दिवा लावणं, समोरून येणारं दिसावं म्हणून झाडी छाटणं, दुभाजकातली बेकायदा फट बुजवणं, यांत आकाशातून काही आणायचं नाही.

आपणही कमी नाही. हेल्मेट कोपरात अडकवून हायवेपर्यंत जायचं आणि पोलीस दिसला की डोक्यावर ठेवायचं. 'ठेवायचं'च म्हणतो, कारण पट्टा कोणी लावत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे, हे तर कोणाच्या गावीही नसतं. हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरातल्या अभ्यासांवरून निघालं आहे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या नातेवाइकांसोबत जे रात्रभर बाकड्यावर बसलेत, त्यांना आकडे सांगायची गरज नाही. (भाड्याच्या गाड्यांवरच्या पर्यटकांना शिव्या घालणं सोपं आहे. ते वागतातही तसंच. पण दूध आणायला बिनहेल्मेट निघणारे आपले काका काही दिल्लीहून आलेले नसतात.)

सगळंच टाळता येतं असं मी म्हणत नाही. धडधाकट माणूस झोपेत जातो, तिथं मीही हात जोडतो. पण जागा माहीत, कारण माहीत, उपाय माहीत, आणि तरी हात जोडायचे?

येत्या रविवारी आमच्या पंचायतीची ग्रामसभा आहे. मी तीन प्रश्न लेखी देणार आहे: देवळाजवळच्या वळणावर तो फलक कुठल्या साली लागला, त्याआधी तिथं किती अपघात झाले होते, आणि त्यानंतर फलकाशिवाय आणखी काय केलं? उत्तरही लेखीच हवं. गावातल्यांनी सकाळी साडेदहाला या. पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून, म्हणजे कोरमअभावी, सभा तहकूब झाली तर प्रश्न पुन्हा लांबतील.