थर्माकोलची नदी आणि दहापैकी नऊ गुण

बी.एड.च्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘भावी शिक्षकांना पर्यावरण शिकवायची नवी टूम बंद करा. त्याचा पेपर आहेच. माहिती असली की माणूस नीट वागतोच. पाठ, टाचणं (पाठाचे लेखी आराखडे), आंतरवासिता (शाळेतला सराव) यांत वेळ कुणाला आहे? ५ जूनला रोपासोबत फोटो, एवढंच होतं.’

शेवटचं वाक्य खरं आहे. बाकीच्याचं बघू.

‘माहिती असली की...’ हेच मुळात चूक. गेल्या वर्षी मी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर पाठ-निरीक्षणाला, म्हणजे भावी शिक्षिकेचा पाठ बघून गुण द्यायला, बसले होते. घटक जलप्रदूषण. प्लास्टिक कुजत नाही, हे छात्राध्यापिकेनं फार छान समजावलं. साहित्य काय? थर्माकोलची नदी, वर निळा जिलेटिन कागद. तास संपेपर्यंत पांढरे कण पोरांच्या गणवेशावर आणि पंख्याच्या वाऱ्यानं पार व्हरांड्यात. संध्याकाळी ती नदी शाळेमागच्या उकिरड्यावर पडली होती. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात मी दहापैकी नऊ गुण दिले होते! माहिती तिलाही होती, मलाही. पण गुण कशाला मिळतात, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

पेपर आहे, कबूल. बऱ्याच ठिकाणी तो वैकल्पिक असतो. आणि तो लिहून बाहेर पडलेली मंडळी चहाचे कप कुठं टाकतात, ते कँटीनमागं जाऊन बघा.

टूम नवी नाही. पर्यावरण हा सक्तीचा विषय करा, हे सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात १९९१ सालीच सांगितलं. २००३ मध्ये पुन्हा बजावलं. सक्तीचा विषय शिकवणार कोण? हीच बी.एड.ची पोरं ना?

राहिला वेळ. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेतच जातात. वेगळा तास कुणी मागतच नाही. पाठ तेच, टाचण तेच, फक्त साहित्य बदलायचं.

यंदा आम्ही निरीक्षण-तक्त्यात एक ओळ वाढवली: ‘तासानंतर साहित्याचं काय झालं?’ एकीनं काचेच्या तीन बरण्यांत ओढ्याचं पाणी आणलं: गावाच्या वरचं, धुण्याच्या जागेचं, पुलाखालचं. तिसऱ्या बरणीचा वास घ्यायला पोरांची रांग लागली. दोघांनी मात्र फ्लेक्सच आणले, आणि गुण कापल्यावर भांडायलाही आले.