प्रतिक्रियेला उत्तर: अडलेले ३१ तास

सर, नमस्कार.

तुम्ही निवृत्त शिक्षक असल्याचं लिहिलंय, म्हणून सरच म्हणतो. आमच्या वर्कशॉपने एका मुलीच्या पायलट ट्रेनिंगच्या अडलेल्या ३१ तासांचे पैसे भरले, असं मी गेल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. पायलट होणं ही श्रीमंतांची हौस आहे, तेवढ्या पैशांत वीस पोरांच्या फिया भागल्या असत्या, आणि हे सगळं आमच्या वर्कशॉपची जाहिरात आहे. प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमची तळमळ कळते, म्हणून सविस्तर लिहितो.

जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. टाटांच्या घरातला तरुण, त्यांना परवडलं. पण शंभर वर्षं होत आली तरी घरची ऐपत हीच पहिली अट असावी, हे मला पटत नाही. बारामतीत आमच्या शेडवरून दिवसभर ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालतात. आमच्या कामगारांची पोरं माना वर करून बघतात. आत बसायचं त्यांच्या मनातसुद्धा येत नाही, आणि हे मला लागतं.

आता पैशांचं. आम्ही कुणाचंही पूर्ण ट्रेनिंग करत नाही. ते चाळीस-पन्नास लाखांचं काम, जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपला झेपणारं नाही. ज्या मुलीबद्दल मी लिहिलं, तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. त्यांनी शेत तारण दिलं. पुढे सातबाऱ्यावरच्या एका नावावरून बँकेकडून येणारा कर्जाचा शेवटचा हप्ता अडकला. फ्लाइंग स्कूलमध्ये खात्यात पैसे नसतील तर विमान मिळत नाही. पोरगी सात महिने घरी बसली.

ती ऑफिसात आली तेव्हा लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, घेऊन आली होती. शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर, कोपरे चिकटपट्टीने बसवलेले. शेवटची नोंद सर्किट अँड लँडिंगची (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरायचा सराव), १ तास १० मिनिटं. त्याखालच्या ओळी कोऱ्या. एकूण बेरीज १६९ तास.

कमर्शियल परवान्याला, म्हणजे विमान उडवून पैसे कमवायच्या परवान्याला, २०० तास लागतात. १६९ वर थांबलं तर तो परवाना काही हातात येत नाही. शिवाय स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन उडवलेल्या तासांपैकी किमान १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. म्हणजे पोरगी घरी बसली की झालेलं कामही शिळं व्हायला लागतं, आणि कर्जाचं व्याज मात्र चालूच. उरले ३१ तास, तासाला १५ हजार, म्हणजे ४ लाख ६५ हजार. ते आम्ही तीन हप्त्यांत थेट स्कूलला भरले.

या पैशांत वीस पोरांच्या फिया भागल्या असत्या, हे खरंय सर. नाकारत नाही. पण वह्या, गणवेश, फिया यांना आमच्या गावात देणारे हात आहेत, आणि त्यांत आमचाही असतो. पाण्याच्या दोन हात अलीकडे थांबलेल्या विहिरीला मात्र कुणी विचारत नाही. तेवढ्यासाठी तिच्या वडिलांचं शेत गेलं असतं.

एक गोष्ट मी पोस्टमध्ये लिहायला हवी होती, ती राहिली. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. एअरलाइनच्या विमानासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचं खास ट्रेनिंग, वेगळं करावं लागतं, त्याचे आणखी लाखो रुपये, आणि परवाना हातात घेऊन वाट बघणारी पोरं कमी नाहीत. हिचा परवाना आला, नोकरी अजून नाही. म्हणून यापुढे आम्ही डीजीसीएचे (वैमानिकांना परवाने देणारं सरकारी खातं) पेपर पास झालेल्या, क्लास वन मेडिकल (वैमानिकांची वैद्यकीय तपासणी) झालेल्या आणि शंभर तासांच्या पुढे गेलेल्या मुलामुलींनाच मदत करणार. वर्षाला एकच. तीही कामगारांचा दिवाळी बोनस दिल्यानंतर उरेल त्यातून.

जाहिरातीबद्दल तुमचं बरोबर आहे. पोस्टमधल्या फोटोसाठी विमानापुढे तिच्या हातात आमच्या वर्कशॉपचा फलक द्यायला नको होता. तिला नाही म्हणता आलं नसतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. काल तिला फोन करून माफी मागितली आणि फोटो काढून टाकला.

तुम्ही विद्यार्थ्यांबद्दल लिहिलंय, म्हणून एक विनंती. चष्मा आहे म्हणून पायलट होता येत नाही, असं समजून गप्प बसलेलं बारावी सायन्सचं कुणी माहितीत असेल, तर सांगा त्याला की चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर चालतं. फिजिक्स आणि मॅथ्स मात्र हवं. शनिवारी दुपारनंतर मी वर्कशॉपमध्येच असतो, त्याला घेऊन या.