खांबावरचे तात्या

सकाळी दूध आणायला निघालो आणि गल्लीच्या तोंडाशीच ठेचकाळलो, कारण नजर वरती होती. वरती तात्या. पंधरा बाय दहाचे तात्या, हात जोडलेले, "शहराचे प्रथम नागरिक, विकासपुरुष, माजी महापौर यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा". माजी माणूस प्रथम कसा काय असतो ते शुभेच्छुकांनाच विचारा, खाली बावीस पोरांचे फोटो आहेत, सगळे गॉगल लावून. आणि बॅनर बांधलाय कशाला, तर आमच्या गल्लीच्या लाईटच्या खांबाला. हा खांब दिवाळीपासून बंद आहे.

डोकं फिरलं ते अजून जागेवर नाही म्हणून लिहितोय.

शहराचं नाव टाकत नाही. खान्देशात महापालिका दोनच, जळगाव आणि धुळे, दोन्ही २००३ च्या, म्हणजे तुमचा चान्स पन्नास टक्के. तात्यांचं नावही टाकणार नाही, कारण आमच्या घरात कोणाचंही लग्न निघालं की पत्रिकांच्या यादीत देवानंतर त्यांचंच नाव असतं. का ते जुन्या लोकांना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगतो.

नगरपालिका होती तेव्हाची गोष्ट. अक्काची हळद. अंगणात मांडव, मागे मोठ्या कढईत बट्ट्या तळणं चालू, अडीचशे माणसाची पंगत बसायची आणि गल्लीतला खांब गेला. वायरमन गावाला गेलेला. दादा, म्हणजे आमचे वडील, तसेच अनवाणी तात्यांच्या घरी गेले. तात्या तेव्हा नवे नवे नगरसेवक, लुनावर फिरायचे. दहा मिनिटात लुंगी खोचून खांद्यावर शिडी घेऊन हजर, आणि दुसऱ्या कोणाची वाट न बघता स्वतः वर चढले. खाली बॅटरी धरायला मी, सातवीतला. माझा हात हालत होता तर वरून ओरडले, "नीट धर ना भो, मी मरसू आठेच!" लाईट लागला तेव्हा मांडवातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी उभ्या उभ्या एक बट्टी खाल्ली आणि गेले, पंगतीला पण बसले नाहीत.

आता कोणी कमेंटमध्ये येऊन सांगेल की नगरसेवकाने खांबावर चढणं नियमात बसत नाही, जीव गेला असता. मान्य. पण लाईट लागला होता ना.

मग तात्या वाढत गेले. नगरपालिकेची महापालिका झाली, लुनाची बुलेट झाली आणि बुलेटची पांढरी गाडी. पक्ष तीन झाले, तो हिशोब इथे कोणाला नवा नाही. मध्ये स्थायी समितीत गेले. सोळा जणांची समिती असते ती, शहराच्या पैशाची चावी तिथे, महापौरापेक्षा लोक त्या खुर्चीसाठी जास्त भांडतात. आणि मग एकदा मुंबईत आरक्षणाची चिठ्ठी निघाली ती बरोबर तात्यांच्या सोयीची निघाली, नगरसेवक सहलीला गेले, सहलीहून थेट सभागृहात हात वर करायला आले, आणि आमचे तात्या महापौर. अडीच वर्षाची टर्म, त्यात पण आपसात वाटणी, सव्वा वर्ष तुझं सव्वा वर्ष माझं. भाड्याच्या खोलीचा करार बरा यापेक्षा. पण त्या दिवशी आम्ही पण नाचलो, खोटं कशाला बोलू. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा गुलाल लावून घेतला.

त्याच सव्वा वर्षात हा खांब पुन्हा बंद पडला. मी गेलो दालनात. दीड तास बाहेर बसलो, शिपायाने दोनदा नाव विचारलं. आत गेलो तर तात्यांनी ओळखलं, चहा मागवला, अक्काची चौकशी केली, सगळं केलं. मी म्हणलं तात्या खांब. तर दोन्ही हात वर करून म्हणतात, "मना हातमा काय शे भो, आयुक्तले सांगनं पडी."

अरे? ज्या हाताने बल्ब फिरवला तोच हात ना हा? बॅटरी मी धरली होती तात्या!

आता मला कायदा शिकवू नका, मला पण माहितीये. १९४९ चा कायदा आहे, महापालिकेचा कारभार आयुक्ताच्या हातात, महापौराने महासभा चालवायची, मतं समान पडली तर आपलं एक जादाचं टाकायचं आणि पाहुण्यांना शाल घालायची. भुसावळ-नंदुरबारचा नगराध्यक्ष निदान लोकांनी थेट निवडलेला तरी असतो. म्हणजे तात्या खोटं बोलले नाहीत, एवढं लिहितो आणि पुढे जातो. पण मग जे हातातच नाही त्याच्यासाठी एवढी मारामारी कशाला? गाडीवरच्या दिव्यासाठी? तो पण २०१७ ला सरकारने सगळ्यांचाच काढून घेतला.

आणि आता तर तक्रार कुठे करायची तेच कळत नाही. आधी वॉर्डाला एक नगरसेवक होता, शिवी द्यायची तरी पत्ता होता. आता प्रभागाला चार. पहिला म्हणतो दुसऱ्याचा भाग, दुसरा म्हणतो ठेकेदार एलईडीवाला आहे त्याला विचारा. २०२३ पासून तर ते पण नव्हते, नुसता प्रशासक. २०२६ च्या १५ जानेवारीला मतदान झालं, चारही जण जिंकून आले, पहिल्या दिवशी तात्यांच्या पाया पडले आणि दुसऱ्या दिवसापासून मला तरी दिसले नाहीत. बॅनरवर दिसले, गॉगलमध्ये.

लिहिता लिहिता राग थोडा खाली आला. दादा गेले तेव्हा तात्या आले होते. महापौरपद जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते, सोबत एकही कार्यकर्ता नाही, गुडघे गेलेले, तरी स्मशानाच्या घाटापर्यंत... चुकलं, घाटापर्यंत नाही, वळणापर्यंत चालत आले. तिथे थांबून मला म्हणाले, "तुना बाप रातले अनवाणी उना व्हता रे मनाकडे." बाकी काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांना पण तीच रात्र आठवते. दालनातलं बहुतेक आठवत नसेल, किंवा आठवत असेल म्हणूनच बोलले नसतील.

असो. आत्ता संध्याकाळचे साडेसात झालेत. खाली आरडाओरडा ऐकू आला म्हणून गॅलरीतून बघितलं, तर पोरांनी बॅनर दिसावा म्हणून समोरच्या गच्चीवरून त्याच्यावर मोठा हॅलोजन मारलाय. पूर्ण गल्लीत लख्ख उजेड. माझी पोरगी आणि शेजारचे दोघं तिघं खाली बॅडमिंटन खेळतायत, शटल सारखं तात्यांच्या नाकावर आपटतंय.

बॅनर परवा उतरणार आहे. कोणाकडे त्या एलईडीवाल्या ठेकेदाराच्या माणसाचा नंबर असेल तर इनबॉक्स करा. शिडी माझ्याकडे आहे.