तुटलेले बोट आणि दाबाखालील प्राणवायू : एक खुलासा

‘तुटलेले बोट जोडल्यावर रुग्णाला ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवले की ते हमखास जगते, रक्तवाहिनी पुन्हा बंद पडली तरी चालते’ असा दावा सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

या चेंबरमध्ये वातावरणाच्या सुमारे दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास तो रक्तद्रवात नेहमीपेक्षा कितीतरी अधिक विरघळतो, सूज उतरण्यास मदत होते आणि जेमतेम रक्तपुरवठा मिळणाऱ्या ऊतींना आधार मिळतो. मात्र हा प्राणवायू रक्तातूनच पोहोचत असल्याने, धमनीत गुठळी झाली असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करणे हाच उपाय उरतो, आणि चेंबरच्या भरवशावर त्यात दिरंगाई केल्यास बोट हातचे जाते.

पुराव्याविषयीही अतिशयोक्ती नको. चिरडलेल्या अवयवांवरील, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत या उपचाराच्या गटातील १७, तर दुसऱ्या गटातील १० रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या. पण तो अभ्यास पुनर्रोपणाचा, म्हणजे तुटलेला अवयव पुन्हा जोडण्याचा, नव्हता, हे सोयीस्करपणे वगळले जाते. शिवाय छातीत हवा साचून फुप्फुस दबलेले असेल आणि त्यावर उपचार झाले नसतील, तर हा उपचार जिवावर बेतू शकतो.