'काळ'कर्ते परांजपे आणि मुळशीचं पाणी

शिवराम महादेव परांजपे आमच्या महाडचे. जन्म १८६४चा. महाड म्हटलं की लोकांना चवदार तळं आठवतं, रायगड आठवतो, ते रास्तच आहे. पण परांजप्यांचं नाव काढलं की आमच्याकडचीच चांगली शिकलेली मंडळी विचारतात, "कोण, रँग्लर का?" नव्हे हो! रँग्लर म्हणजे गणितज्ञ रघुनाथराव, ते दापोलीकडचे, मुर्डीचे. हे 'काळ'कर्ते.

माणूस संस्कृतचा गाढा पंडित, एम.ए. झालेला, कॉलेजात शिकवणारा. तेवढ्यावर आयुष्य सुखात गेलं असतं. पण १८९८ साली पुण्यात त्यांनी 'काळ' साप्ताहिक काढलं आणि सरकारच्या डोक्याला कायमचा ताप झाला. इंग्रजी राज्याचं असं काही गुणगान करायचं की वाचणाऱ्यानं पोट धरून हसावं आणि सरकारी भाषांतरकारानं डोकं धरून बसावं. वरवर सगळी स्तुती, खटला भरणार तरी कशावर?

शेवटी १९०८मध्ये भरलाच. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतरच्या लिखाणावरून राजद्रोहाचा आरोप ठेवला आणि १९ महिन्यांची शिक्षा दिली. याच खटल्याच्या धावपळीसाठी टिळक मुंबईला गेले होते आणि तिथेच, सरदारगृहात, त्यांनाही अटक झाली. पुढचं मंडाले आपल्याला तोंडपाठ आहे. परांजप्यांचे १९ महिने मात्र कुणाच्या खिजगणतीत नाहीत. १९१०मध्ये 'काळ' बंद पडला. त्यातल्या निवडक निबंधांवरची बंदी उठायला १९३७ उजाडलं, आणि परांजपे तर १९२९मध्येच गेले होते.

आता माझं मत, पटलं नाही तर भांडा. जयंतीला आपण त्यांच्या वक्रोक्तीचं कौतुक करतो आणि मोकळे होतो. खरं सांगू? त्यांची ती लांबच लांब, संस्कृतप्रचुर वाक्यं आज वाचताना मध्येच धाप लागते. निबंध एका जागी, पण मला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो तो पुण्याजवळच्या मुळशीत.

१९२१च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं आणि घरं बुडणार होती. सेनापती बापट त्यात होते हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांच्याबरोबर परांजपेही होते, साठीकडे झुकलेले. त्यापायी ते पुन्हा तुरुंगात गेले. 'काळ'मध्ये समोर परकं सरकार होतं, त्याच्यावर लिहून टाळ्या तरी मिळत. इथे समोर देशी भांडवल होतं आणि वीज म्हणजे प्रगती असं मानणारे आपलेच सुशिक्षित लोक. त्यांच्याविरुद्ध उभं राहायला जास्त छाती लागते.

आणि ते पाणी जातं कुठे? आमच्याच रायगड जिल्ह्यात. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून नळांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि पुढे कुंडलिकेत सुटतं. कोलाडला सकाळी सकाळी लाइफ जॅकेट घालून, हेल्मेट बांधून मुंबई-पुण्याची पोरं ताटकळत उभी असतात ना, ती भिऱ्याहून पाणी कधी सुटतंय याचीच वाट बघत असतात. पाणी आलं की आरडाओरडा, सेल्फी, मग दुपारी सुरमई थाळी. मजा करावी, जरूर करावी, मीही केलीय. पण तिथे बोटीत बसवताना सुरक्षेच्या सूचना देतात, त्यात दोन वाक्यं मुळशीच्या बुडालेल्या गावांबद्दल सांगायला काय हरकत आहे? तिसरं परांजप्यांबद्दल सांगितलं तर आम्हा महाडकरांना आनंदच होईल.