शाळा कारखान्यांसाठी काढल्या गेल्या? एका व्हायरल मजकुराचा प्रतिवाद

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आजची शाळा प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतलं जुनं राज्य) राजाने कारखान्यांना आज्ञाधारक मजूर पुरवण्यासाठी काढली. अमेरिकी तेलसम्राट रॉकफेलरने ती अमेरिकेत नेली, कारण त्याला विचार करणारी माणसं नको होती, राबणारी हवी होती. घंटा, रांगा आणि गणवेश हा त्याचा पुरावा. शाळेत सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात. म्हणून शाळा-पदवीचा नाद सोडा, कौशल्य शिका.

शिक्षणातून विषमता कशी टिकते, यावर समाजशास्त्रात फार मोलाचं काम झालेलं आहे. हा मजकूर त्या कामाचाच आव आणतो आणि वाचणाऱ्याला चुकीच्या जागी बोट ठेवायला लावतो. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी प्रशिया. तिथला राजा फ्रेडरिक दुसरा याचा ग्रामीण शाळांचा सक्तीचा नियम १७६३ चा. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला पेटंट मिळालं १७६९ मध्ये. ज्या देशात बहुतेक लोक शेतावर राबत होते, तिथे कारखान्यांसाठी मजूर घडवायचा प्रश्नच नव्हता. शिकवायचं होतं ते धर्मशिक्षण, वाचन आणि लेखन. आज्ञाधारकपणा हवा होता हे खरं, पण तो राजा आणि चर्च यांच्यापुढचा. सरकारी शाळांचा उगम राज्यसत्तेच्या या गरजेत शोधणारं अभ्यासकांचं काम भक्कम आहे. कारखान्याची गोष्ट तिथे बसत नाही.

इंग्लंडकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. कारखाने सगळ्यात आधी तिथे आले आणि शाळेची सक्ती मात्र १८८० मध्ये आली. मधल्या काळात गिरण्यांमध्ये लहान मुलं यंत्रापाशी उभी होती. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या ९ ते १३ वर्षांच्या मुलांचं काम दिवसाला ९ तासांवर आणलं आणि त्यांना रोज २ तास शिक्षण देणं बंधनकारक केलं. कितीतरी मालकांनी ते टाळलं. शाळेतली मुलं म्हणजे त्यांच्या दृष्टीने हातचे गेलेले स्वस्त मजूर.

रॉकफेलरच्या तोंडी घातलेल्या वाक्याला विश्वासार्ह मूळ नाही. त्याच्या जवळ जाणारा मजकूर त्याचा सल्लागार फ्रेडरिक गेट्स याच्या १९१३ च्या लेखात सापडतो. या लोकांतून तत्त्वज्ञ किंवा शास्त्रज्ञ काढायचे नाहीत, असं तिथे म्हटलं आहे, आणि ते संतापजनकच आहे. पण तो लेख खेड्यातल्या शाळांबद्दल, शेतकरी कुटुंबांच्या मुलांबद्दल आहे.

घंटा, रांगा, गणवेश यांचा निकाल लवकर लागतो. दिवसाचे भाग पाडणारी घंटा मठांमध्ये शतकानुशतकं वाजत होती. क्रमवार इयत्ता जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या शिक्षणयोजनेत आहेत. लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या धर्मादाय शाळेतल्या मुलांचे निळे अंगरखे प्रसिद्ध आहेत. कारखान्याची उपमा शाळेला चिकटली ती बरीच नंतर. १९१६ मध्ये एलवुड कबर्ली या शिक्षणप्रशासकाने मुलांना कच्चा माल म्हटलं आणि १९७० मध्ये लेखक अल्विन टॉफ्लरने ती कल्पना घरोघरी पोचवली.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: सगळे एकाच साच्यातून निघतात. इथे हा मजकूर पुरता फसतो. शाळा आणि भांडवलशाहीचं नातं सर्वांत कठोरपणे मांडणाऱ्या अमेरिकी अर्थतज्ज्ञ सॅम्युएल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस यांनीही १९७६ मध्ये असं म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं उलट होतं: खालच्या पायरीवर जाणाऱ्यांना नियम पाळायला शिकवतात, वरच्या पायरीवर जाणाऱ्यांना देखरेखीशिवाय स्वतः निर्णय घ्यायला.

शिक्षणाच्या अभ्यासक जीन अॅन्यन यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या पाच शाळांचे पाचवीचे वर्ग पाहून १९८० मध्ये हे फार बारकाईने दाखवलं. कामगारवस्तीतल्या एका वर्गात शिक्षिका मुलांकडून कागदावर एक-एक इंचाचे चौकोन आखून घेत होती. हे कशासाठी, ते मुलांना सांगितलेलं नव्हतं. एक मुलगी म्हणाली, माझ्याकडे यापेक्षा झटपट रीत आहे. शिक्षिकेचं उत्तर: मी काय करतेय तेच तुला माहीत नाही, मी सांगते तसंच कर, नाहीतर ते चूक. बड्या अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शाळेत दोन अंकी भागाकार मात्र प्रश्नापासून सुरू झाला: असं उदाहरण समोर आलं, तर तुम्ही पहिला निर्णय कोणता घ्याल?

इयत्ता तीच, विषयही गणितच. एका मुलाला ठरलेल्या पायऱ्या मिळाल्या, दुसऱ्याला निर्णय. विषमता इथे घडते, घंटेत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बुर्दिय यांनी दाखवलेली गोष्ट हिला येऊन मिळते: घरची भाषा, पुस्तकांचा सराव, मोठ्यांशी बरोबरीने बोलण्याची सवय यांना शाळा ‘हुशारी’ समजून गुण देते. ज्याच्या घरी हे नाही, त्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे.

राहिला सल्ला, शाळेचा नाद सोडा. समाजशास्त्रज्ञ पॉल विलिस यांनी इंग्लंडच्या औद्योगिक भागातल्या कामगार घरांतल्या १२ मुलांचा अभ्यास केला, तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं शाळेला जुमानत नव्हती. मास्तरांची टर उडवायची, अभ्यास करणाऱ्यांना बायल्या ठरवायचं, अंगमेहनत हेच खरं काम मानायचं. शाळेचा खोटेपणा त्यांनी बरोबर ओळखला होता, आणि त्याच बंडाने ती थेट कारखान्यात पोचली. ज्यांच्या घरी पैसा आणि ओळखी आहेत त्यांना पदवीवाचून चालून जाईल. बाकीच्यांचं नोकरीचं दार पदवीअभावी मुलाखतीआधीच बंद होतं. समाजशास्त्रज्ञ रँडल कॉलिन्स यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं की पदव्यांची अट कामाला लागणाऱ्या कौशल्यापेक्षा कितीतरी पुढे धावते.

शाळेवर खरंच प्रश्न विचारायचा असेल, तर एका तासिकेला मागे बसून नोंद ठेवा. शिक्षकांनी किती प्रश्न विचारले, त्यांतले ‘का’ आणि ‘कसं ठरवलंस’ असे किती, आणि ते कोणाला विचारले. उत्तरासाठी किती थांबले, तेही घड्याळावर पाहा. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या १९७०च्या दशकातल्या निरीक्षणात शिक्षक सरासरी १ सेकंद थांबत आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्याहूनही कमी. तो वेळ ३ सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मग दोन वह्या शेजारी ठेवा, वर्गातल्या ‘हुशार’ मुलाची आणि ‘कच्च्या’ मुलाची. कच्च्याच्या वहीत फळ्यावरून उतरवलेल्या पायऱ्याच असतील, तर शाळेकडे काय मागायचं ते ठरवायला तेवढं पुरे आहे.