पुण्यातल्या मॅडमनी पुढे जायचे कुठे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या महिला क्रिकेट संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाच्या मागोमाग वादही येऊन पोहोचला. रणजीत धावांचे डोंगर उभारूनही ज्यांना भारताची टोपी कधी मिळाली नाही, त्या अमोल मुजुमदारांनी प्रशिक्षक म्हणून विश्वचषक मिळवून दिला, याचा आनंद सगळ्यांनाच होता. पण सदाशिव पेठेतल्या एका मित्राने त्यातून परस्पर निकाल लावून टाकला की, महिला संघाला महिला प्रशिक्षकच हवी हा आग्रह म्हणजे निव्वळ फॅशन आहे. मग फुटबॉलची बातमी आली. जुलै २०२५ मध्ये क्रिस्पिन छेत्री यांच्या संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली होती, आणि पात्रता फेरी खेळून तिथवर पोहोचण्याची भारतीय महिलांची ती पहिलीच वेळ होती. तरीही ऑस्ट्रेलियातली मुख्य स्पर्धा जवळ येताच संघाची सूत्रे कोस्टा रिकाच्या अमेलिया वाल्वेर्दे यांच्याकडे सोपवण्यात आली. आता ग्रुपची दुसरी बाजू पेटली: बाई हवी तर परदेशातून कशाला, आपल्याकडे कोणी नाही का?

मी नैऋत्य लंडनमध्ये राहते आणि माझी मुलगी दर रविवारी इथल्या एका हौशी क्लबात फुटबॉल खेळते, म्हणून या वादात मला ओढण्यात आले. बाई की पुरुष, देशी की परदेशी, या दोन्ही प्रश्नांवर तावातावाने बोलता येते. परंतु प्रशिक्षक तयार व्हायला जी पंधरा-वीस वर्षे लागतात, ती वर्षे एखाद्या बाईने कुठे, कोणाच्या पगारावर आणि कोणत्या हुद्द्यावर काढायची, हा प्रश्न त्या शेकडो मेसेजांत कोणीही विचारला नव्हता.

आधी हिशेब मांडते, कारण ‘फॅशन’ हा आरोप हिशेबाला टिकत नाही. २००१ पासून २०२५ पर्यंत महिलांच्या फुटबॉलच्या सात युरोपीय स्पर्धा झाल्या आणि सातही वेळा विजेत्या संघाची मुख्य प्रशिक्षक महिला होती: टीना थ्यूने दोनदा, सिल्व्हिया नाइड दोनदा, सरीना विगमन तीनदा. २००४ ते २०२४ या काळातल्या सहाही ऑलिंपिक स्पर्धांत तेच घडले. २००३ पासूनच्या सहा विश्वचषकांपैकी चार महिला प्रशिक्षकांच्या संघांनी जिंकले. २०११ चा जपान आणि २०२३ चा स्पेन हे दोनच अपवाद. म्हणजे एकोणिसापैकी सतरा. आणि हे कोणत्या परिस्थितीत, तर २०२३ च्या विश्वचषकात बत्तीस संघांपैकी केवळ बारा संघांच्या मुख्य प्रशिक्षक महिला होत्या. यावरून बायकाच अधिक चांगल्या शिकवतात असे मी म्हणणार नाही. जर्मनी आणि अमेरिका यांचे संघ मुळातच बलाढ्य होते, आणि बलाढ्य संघ बायकांच्या हाती देण्याची तयारी त्यांच्या महासंघांनी दाखवली, एवढाच अर्थ मी काढते. त्यातही जर्मनीची रीत पाहण्यासारखी आहे: नाइड आधी थ्यूने यांच्या सहायक होत्या आणि २००५ मध्ये त्यांच्याच जागी आल्या. पुढची प्रशिक्षक आधीचीच्या शेजारी बसून तयार होत होती.

विगमन यांची कारकीर्द मला पुण्याच्या दृष्टीने सर्वांत बोलकी वाटते. १९६९ मध्ये नेदरलँड्सच्या हेग शहरात जन्मलेली ही मुलगी केस बारीक कापून मुलांच्या संघात खेळायची, कारण मुलींना तिथे खेळायची अधिकृत मुभा नव्हती. १९८९ मध्ये त्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेल्या आणि बायकांचा खेळ गांभीर्याने घेतला जातो तेव्हा तो कसा दिसतो, हे त्यांनी तिथे पाहिले. मायदेशी परतल्यावर पोट भरण्यासाठी त्यांनी काय केले? शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. राष्ट्रीय संघाची कर्णधार असलेली बाई शाळेत पीटीचे तास घेत होती, हे आपल्याकडच्या कोणत्याही क्रीडाशिक्षिकेला अजिबात नवलाचे वाटणार नाही.

फरक पुढे पडला. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये महिलांची नवी राष्ट्रीय लीग सुरू झाली, आणि एडीओ डेन हाग या क्लबाने महिला संघ काढून विगमन यांना त्याचे प्रशिक्षक नेमले. तिथे त्या २०१४ पर्यंत राहिल्या. लीगचे विजेतेपद २०१२ मध्ये आले, म्हणजे मधली पाच वर्षे क्लबाने वाट पाहिली. त्यानंतर राष्ट्रीय संघाच्या सहायक, मग सर्वोच्च दर्जाचे प्रो लायसन्स, आणि त्याच सुमारास स्पार्टा रॉटरडॅम या पुरुषांच्या क्लबात अनुभव. २०१६ च्या अखेरीस डच संघाच्या प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले, तेव्हा घरच्या मैदानावरची युरोपीय स्पर्धा अवघ्या काही महिन्यांवर आली होती. महासंघाला शोधाशोध करावी लागली नाही, कारण माणूस दारातच उभा होता. २०१७ ची ती स्पर्धा नेदरलँड्सने डेन्मार्कला ४-२ असे हरवून जिंकली. विगमन यांच्या कामगिरीला चमत्कार म्हणणाऱ्यांनी त्याआधीची दहा वर्षे मोजावीत.

इंग्लंडची बाजू मी उगाच उजळून सांगणार नाही. याच देशाच्या फुटबॉल संघटनेने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्या क्लबांची मैदाने बायकांना बंद केली, आणि ती बंदी जवळपास पन्नास वर्षे टिकली. होप पॉवेल यांनी १९९८ ते २०१३ अशी पंधरा वर्षे राष्ट्रीय संघ सांभाळला. २००९ मध्ये त्यांनी संघाला युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, पण तिथे जर्मनीने ६-२ असा पराभव केला. पुढे २०१८ मध्ये पुरुषांच्या फुटबॉलमधले माजी खेळाडू फिल नेव्हिल यांची नेमणूक झाली, तेव्हा मुख्य प्रशिक्षकपदाचा म्हणावा असा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता; नाव मात्र मोठे होते. मोठ्या नावाची भूल साहेबालाही पडते, हे ग्रुपवरच्या मित्रांनी अवश्य लक्षात घ्यावे. (नेव्हिल यांनी २०१९ च्या विश्वचषकात संघाला उपांत्य फेरीत नेले, हेही सांगायला हवे.) अखेर २०२१ मध्ये इंग्लंडने हेगच्या त्या क्रीडाशिक्षिकेला आणले. परदेशी प्रशिक्षक आणल्याने स्वाभिमान दुखावतो असे मानणाऱ्यांसाठी हे पुरेसे उत्तर आहे: फुटबॉल आमचाच म्हणून मिरवणाऱ्या देशाने शेजारच्या देशातली बाई बोलावली आणि ३१ जुलै २०२२ रोजी युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर जर्मनीला २-१ असे हरवले. त्या संपूर्ण स्पर्धेत विगमन यांनी प्रत्येक सामन्याची सुरुवात त्याच अकरा जणींनी केली. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत पहिलाच सामना फ्रान्सविरुद्ध गमावला, स्पर्धेपूर्वी अनुभवी गोलरक्षक मेरी अर्प्स निवृत्त झाल्यावरून वर्तमानपत्रांनी झोडपले, स्वीडन आणि इटली यांच्याविरुद्ध संघ बाहेर जाता जाता वाचला. आणि बाझेलमध्ये पेनल्टींवर स्पेनला हरवून चषक पुन्हा त्यांच्याकडेच आला.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्याच एमा हेज यांचे, आणि ते मुजुमदारांच्या कहाणीशी विलक्षण जुळते. घोट्याच्या दुखापतीने हेज यांचे खेळणे किशोरवयातच संपले, त्यामुळे ‘स्वतः काय खेळली आहे?’ हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारता आला असता. त्या अमेरिकेत गेल्या, लाँग आयलंडच्या छोट्या संघापासून सुरुवात केली, कॉलेजात शिकवले, परत येऊन आर्सेनलमध्ये सहायक झाल्या. मग शिकागोच्या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले आणि २०१० मध्ये तिथून त्यांना काढून टाकण्यात आले. आपल्याकडे ही गोष्ट बहुधा इथेच संपली असती. २०१२ मध्ये चेल्सीने त्यांना घेतले, आणि २०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा सात लीग विजेतेपदे क्लबाच्या नावावर होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या अमेरिकी संघाने पॅरिसमध्ये ब्राझीलला १-० असे हरवून ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. मधल्या काळात, २०२१ मध्ये, पुरुषांच्या खालच्या श्रेणीतल्या विम्बल्डन संघाशी त्यांचे नाव जोडले गेले तेव्हा ही बढती ठरेल का, असे पत्रकारांनी विचारले. हा महिलांच्या फुटबॉलचा अपमान आहे, असे त्यांनी स्पष्ट सुनावले आणि त्या क्लबाला आपण परवडणार नाही अशी पुस्तीही जोडली. अपयश आल्यावर दुसरी नोकरी मिळणे हाच तिथल्या आणि इथल्या कारकिर्दींतला खरा फरक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता पुण्याकडे येते. माझी भाची कोथरूडमध्ये फुटबॉल खेळते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्या सरावाला गेले, तेव्हा शाळेच्या अर्ध्या मैदानावर स्नेहसंमेलनाचा मांडव पडत होता आणि उरलेल्या अर्ध्यात तिच्या मॅडम मुलींना बॉल येण्याआधी मान वळवून मागे पाहायला शिकवत होत्या. ‘आधी बघ, मग घे!’ हे एकच वाक्य त्या न कंटाळता ओरडत होत्या, आणि जी मुलगी न बघता बॉल घेई, तिच्याकडून त्या तो लगेच काढून घेत. लंडनमध्ये माझ्या मुलीच्या क्लबात रविवारी सकाळी हाच धडा चालतो, याच क्रमाने, फक्त मैदान अखंड मिळते. शिकवण्यात मला काडीचाही फरक दिसला नाही.

फरक नोकरीत होता. मॅडम एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेल्या, डी-लायसन्स (प्रशिक्षकाचा सुरुवातीचा परवाना) स्वतःच्या पैशाने केलेले. शाळेतले काम कंत्राटी आणि दहा महिन्यांचे; एप्रिल-मेचे मानधन नाही. संध्याकाळी त्या बाणेरमधल्या एका टर्फवर तासाच्या हिशेबाने शिकवायला जातात, आणि तिथे त्यांच्याकडे आठ वर्षांखालची बॅच दिलेली आहे, कारण ‘लहान मुलांना बायकाच बऱ्या सांभाळतात’. स्पर्धेत उतरणारा मुलींचा मोठा संघ सरांकडे आहे. सरांचेही लायसन्स डीच. त्यापुढच्या सी-लायसन्सचा विचार का नाही, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ताई, रजा कोण देणार? आणि करून आले, तरी बॅच तीच राहणार ना!’

यावर ‘बायका पुढेच येत नाहीत’ असे म्हणणारे ग्रुपवर पुष्कळ आहेत. भारतीय फुटबॉल महासंघाने केवळ महिलांसाठी डी-लायसन्सचे वर्ग घेतले आहेत, हे मान्य. पहिल्या पायरीवर आता गर्दी होऊ शकते. दुसरी पायरीच बांधलेली नाही. २०१७ नंतर काही वर्षे भारताच्या महिला संघाची सूत्रे गोव्याच्या मेमोल रॉकी यांच्याकडे होती, म्हणजे राष्ट्रीय पातळीवर भारतीय बाई बसू शकते हे सिद्ध झालेले आहे. तथापि २०२१ मध्ये त्या पायउतार झाल्यावर त्यांच्या मागे सहायक म्हणून तयार झालेल्या दोन-चार जणींची रांग नव्हती, म्हणून संघ स्वीडनच्या थॉमस डेनर्बी यांच्याकडे गेला. २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील संघाच्या सहायक प्रशिक्षकाला परदेश दौऱ्यावरील गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावे लागले, तेव्हा मुलींच्या संघासोबत महिला प्रशिक्षक असणे ही केवळ प्रतिनिधित्वाची बाब नाही, हे तरी सर्वांच्या लक्षात यायला हवे होते.

आणि पुणेकरांना उदाहरणासाठी युरोपापर्यंत जाण्याची गरजही नाही. २०२२ च्या आशियाई चषकाचे सामने आपल्या बालेवाडीत झाले. भारताचा संघ कोरोनामुळे तेरा खेळाडूही उभे करू न शकल्याने स्पर्धेबाहेर गेला, आणि शहराचे लक्षही त्याबरोबर उडाले. मात्र ३ फेब्रुवारीला याच बालेवाडीत चीनने जपानला उपांत्य सामन्यात पेनल्टींवर हरवले आणि तीन दिवसांनी नवी मुंबईत कोरियाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही ३-२ असा विजय मिळवला. त्या संघाच्या प्रशिक्षक शुई चिंगशिया होत्या, स्वतः चीनच्या जुन्या राष्ट्रीय खेळाडू.

‘लंडनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, पैसे कुठून आणायचे ते सांग,’ असा मेसेज सदाशिव पेठेतून अपेक्षेप्रमाणे आला. प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचे पैसे आहेत, शिवाय माझ्या मुलीच्या क्लबातले बरेच प्रशिक्षक बिनपगारी पालक आहेत, आणि पुण्यात दोन तास प्रवास करून घरी येणाऱ्या पालकाकडून तशी अपेक्षा ठेवता येणार नाही. पण मी विगमन यांचा पगार मागत नाही. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या मुलींच्या प्रत्येक संघात मुख्य प्रशिक्षक कोणीही असो, सहायकाची एक जागा लायसन्सधारक महिलेसाठी ठेवावी. तिच्या सी-लायसन्सची फी संघटनेने भरावी आणि शाळेने त्या दिवसांची भरपगारी रजा द्यावी. आणि ज्या खाजगी टर्फ अकादम्या मुलींच्या फीवर चालतात, त्यांनी स्पर्धेचा संघ कोणाला दिला आणि का, हे पालकांना विचारू द्यावे. त्या सहायकाच्या जागेची जाहिरात निघावी, जाहिरातीत मानधनाचा आकडा छापलेला असावा, आणि तो बारा महिन्यांचा असावा.